दोनशे लिटर समुद्र

आमच्या पुढच्या खोलीत समुद्र आहे. होता, असं म्हणायला हवं, पण सवय जात नाही. सोफा काढून त्या जागी ठेवलेला, काचेचा, दोनशे लिटरचा. खरा समुद्र कराडहून घाट उतरून गेलं की लागतो आणि आयुष्यात मी तिकडे चार वेळा गेलो असेन. चारही वेळा तो मला अजागळच वाटला. त्याचं काही मोजता येत नाही. आमचा समुद्र मात्र माझ्या मुठीत होता. खारटपणा एक पूर्णांक शून्य दोन पाच, तापमान साडेपंचवीस, उजेड दिवसाचे दहा तास. यात फरक पडला की मला जेवण गोड लागत नसे.

मी धनाजी थोरात. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं केमिस्ट होतो. आता त्या कारखान्यात साखर नावालाच होते, उसापासून विमानाचं इंधन बनतं. ज्या रिफ्रॅक्टोमीटरने मी उसाच्या रसाची गोडी मोजली त्याच जातीच्या यंत्राने म्हातारपणी खारटपणा मोजायला लागलो. कारखान्यात मला मागून 'पॉइंट थोरात' म्हणायचे, कारण दशांशचिन्हाच्या पुढच्या आकड्यासाठी मी मॅनेजरशीही भांडायचो. मला त्या नावाचा राग येत नसे. उलट बरं वाटायचं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि सारिका. मूलबाळ नाही. तिसरं ते समुद्रफूल.

समुद्रफूल हा प्राणी आहे. दिसतो शेवंतीसारखा, पण त्या पाकळ्या म्हणजे त्याची बोटं असतात आणि त्या बोटांत विष असतं. एका पायाने खडकाला धरून बसायचं, जवळ आलेलं भक्ष्य बोटांनी पकडायचं आणि मधल्या तोंडात ढकलायचं, एवढाच त्याचा संसार. आमचं फूल ताटलीएवढं होतं, फिकट हिरवं, बोटांची टोकं जांभळी.

ते घरात आलं सारिकाच्या आजारामुळे. या आजारात शरीराची राखण करणाऱ्या पेशीच घरावर उलटतात. आपल्या नसांवर वायरीच्या प्लॅस्टिकसारखं एक आवरण असतं. या पेशी ते कुरतडत जातात. आधी पायाला मुंग्या, मग पाय बधिर, मग हात आणि शेवटी श्वास. समुद्रफुलाच्या विषात एक छोटासा रेणू असतो, तो या बिघडलेल्या पेशींचं एक नेमकं दार बंद करतो आणि त्या थंड पडतात. हे शास्त्रज्ञांना केव्हापासून माहीत होतं. अडचण अशी, की यंत्रावर बनवलेला रेणू सहा महिन्यांत शरीराच्या ओळखीचा होतो आणि मग शरीर त्यालाच निकामी करतं.

तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की रेणू सारखा बदलत राहायला हवा आणि बदलायचं काम सजीवाकडेच द्यावं. फुलाची जात प्रयोगशाळेत थोडी सुधारून घेतली. आता त्याला दर आठवड्याला रोग्याच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब भरवायचा. फूल तो चाखतं आणि त्या माणसाच्या शरीराप्रमाणे आपलं विष किंचित किंचित बदलत राहतं. ही ओळख बसायला चौदा महिने लागतात. त्यानंतर ते फूल त्या एकाच माणसाचं. रोज सकाळी काचेच्या कांडीने त्याच्या बोटांवरचा चिकट द्रव घ्यायचा, टेबलावरच्या यंत्रात गाळायचा आणि चार थेंब जिभेखाली ठेवायचे. द्रव दुसऱ्या दिवशी उपयोगाचा राहत नाही. हजार फुलं एकाच हौदात ठेवली तर ती पाण्यातून एकमेकांना चाखतात आणि सगळ्यांचीच ओळख पुसट होते. म्हणून एक घर, एक फूल. सारिकाचे पहिले चौदा महिने आजार नवा म्हणून आणि यंत्रावरच्या रेणूवर निभले, पण तो रेणू आता तिच्या शरीराच्या ओळखीचा झाला होता.

थोडक्यात, फूल जगलं तर सारिका जगणार होती. हे मी जिवाला लावून घेतलं.

भिंतीवर मी सत्तावीस नियम छापून, प्लॅस्टिक चढवून लावले होते. साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही. उदबत्ती या खोलीत लावायची नाही. फूल आपलं आपण चालत जागा बदलतं, तेव्हा पंपाच्या तोंडाला स्पंज हवाच. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, म्हणून रोज कमी झालेलं पाणी भरताना बिनमिठाचं, आरओचंच घालायचं. कोळंबीचा तुकडा आठवड्यातून दोनदा, नखाएवढा. सत्ताविसावा नियम होता, थोरात घरात नसतील तर टाकीला हात लावू नये.

सारिका त्या फुलाला माझी सवत म्हणायची.

"जेवली का तुमची सवत?" ती स्वयंपाकघरातून विचारायची.

"माझी कशी सवत? तुझी सवत."

"तेच की वं. माझी सवत, तुमची लाडकी. मला कधी असं भिंग लावून बघितलंसा का?"

मी हसायचो, पण तिला टाकीला हात लावू द्यायचो नाही. ती अंगणवाडीत शिकवायची. तिच्या हातात नेहमी रंग, नाहीतर डिंक, नाहीतर हळद. अशा हातांवर माझा विश्वास नव्हता. तिनेही कधी हट्ट केला नाही.

फूल आल्याच्या तिसऱ्या वर्षी डॉ. शाहीन मुजावर घरी आल्या. सारिकाचे उपचार त्यांच्याकडेच होते. वयाने लहान, मला काका म्हणायच्या. त्या म्हणाल्या, "काका, फूल आता मोठं झालंय, आपण दोन करू या."

समुद्रफुलाला म्हातारपण नसतं. मधोमध चिरलं तर दोन्ही अर्धी जगतात आणि दोघांत तीच ओळख राहते. डॉक्टरांची योजना अशी होती, की अर्धं फूल दुसऱ्या एखाद्या घरी ठेवायचं आणि त्यांचं अर्धं आपल्याकडे, वेगळ्या टाकीत. याला त्या जोडघर म्हणायच्या. आमच्यासाठी त्यांनी सांगलीचं एक कुटुंब पाहिलं होतं. मी जाऊन आलो. टाकी फ्रिजशेजारी, पोरं काचेवर टकटक करतायत, आणि थर्मामीटर पॉइंट आठने चुकीचा. मी घरी आलो तोच मुळी नाही म्हणायचं ठरवून.

"कापताना विसात एखादं दगावतं, तुम्हीच सांगितलंत," मी म्हणालो.

"काका, तेवढी जोखीम आहे. पण एक घर म्हणजे एकच पंप, एकच वीज आणि एकच माणूस."

"तो माणूस मी आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी विषय सोडला. सारिका आत चहा करत होती. ट्रे घेऊन ती बाहेर आली तेव्हा आम्ही कोयनेच्या पाण्याबद्दल बोलत होतो.

पाचव्या वर्षी, एप्रिलमध्ये, माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, त्याच्याने माणूस ओळखू येतो, आकडा नाही. आठ दिवस वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पाण्याजवळ जायचं नाही. मी पट्टी बांधून टाकीसमोर खुर्चीत बसलो आणि नाइलाजाने सत्ताविसावा नियम शिथिल केला. सगळं सारिकाने करायचं, मी सांगेन तसं.

ते आठ दिवस आमच्या घरातले सगळ्यांत आनंदाचे होते. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं आहे ते लिहायला हवं. ती सकाळी आंघोळ करून, हात तीन वेळा धुऊन यायची. मी आकडे विचारायचो, ती यंत्रावरचे वाचायची आणि मग आकड्यांच्या पुढचंही सांगायची.

"आज कशी बसलीय म्हायताय का? हळदीला बसलेल्या नवरीवानी. समदी बोटं पसरून. आता एक बोट मिटलं. आता परत उघडलं. लाजतीया."

"सारिका, तापमान."

"पंचवीस पॉइंट पाच. लाजतीया म्हणलं मी."

उन्हाळ्यात टाकीचं रोज चार लिटर पाणी उडायचं. माझा आरओच्या पाण्याचा कॅन वीस लिटरचा, तो तिला उचलत नव्हता. ती स्वयंपाकघरातून पाणी आणायची आणि हळूहळू ओतायची. ओतण्याचा आवाज मला छान ऐकू यायचा.

"आरओचंच आहे ना?"

"व्हय वं. आरओचंच हाय. रातीच भरून ठिवलंय."

मी समाधानाने मान हलवली. रात्री भरून ठेवलं म्हणजे पाणी खोलीच्या तापमानाला आलेलं असणार. बाई शिकली, असं मला वाटलं.

नवव्या दिवशी पट्टी निघाली. ज्यांचा मोतीबिंदू काढलाय त्यांना ठाऊक असेल, जगाला चुना दिल्यासारखं सगळं पांढरं-निळं दिसतं. सारिकाची साडी, भिंत, आकाश, सगळंच उजळ. फूलही मला फिकट दिसलं. मी म्हटलं, डोळा नवा आहे, जुन्या डोळ्याने आपण पिवळट बघत होतो. त्यात माझे दोन दिवस गेले. फूल खरोखरच फिकट पडत होतं. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं, त्यानेच त्याला रंग आणि अर्धं अन्न मिळतं. ते शेवाळं त्याने बाहेर टाकायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या दिवशी त्याचं तोंड उघडं राहिलं. निरोगी फुलाचं तोंड घट्ट मिटलेलं असतं. हे ढिलं, आतलं पांढरं बाहेर आलेलं. काचेची कांडी लावली तर बोटं चिकटेनात.

मी सगळं मोजलं. खारटपणा बरोबर. तापमान, उजेड, नायट्रेट, सगळं काट्यावर. पाण्याचा पाचवा हिस्सा बदलला. डॉ. शाहीन म्हणाल्या, "काका, पाण्यात काहीतरी आहे जे तुम्ही मोजत नाही." हे वाक्य मला झोंबलं. मी बाटली भरली आणि थेट कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे आता सगळे धातू एका दमात मोजणारं यंत्र आहे. मुलीच्या वयाची केमिस्ट होती, तिने खुर्ची दिली, नमुना लावला आणि कागद हातात दिला.

तांबं. लिटरला पॉइंट शून्य सहा मिलिग्रॅम. माणसाला काहीच नाही, याच्या वीसपट प्यायलो तरी पोट दुखायचं नाही. बिनकण्याच्या समुद्री जिवाला मात्र एवढं विष पुरतं.

एस.टी.त बसून मी टाकीतला एकेक भाग आठवत आलो. पंपात पितळ नाही. हीटर काचेचा. तांबं येणार कुठून? घराचं दार उघडंच होतं. सारिका स्वयंपाकघरात खाली बसून तांब्याची कळशी घासत होती. चिंच आणि मीठ लावून, कोपऱ्याकोपऱ्यात बोट घालून. कळशी गुलाबी झाली होती, आतूनसुद्धा. आणि ती गुणगुणत होती.

मी दारातच उभा राहिलो.

ती कळशी मीच आणलेली. सारिकाला आजाराचं निदान झालं त्या आठवड्यात मला काही सुचत नव्हतं, तेव्हा बाजारातून आणली होती. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी औषधासारखं असतं, रोज सकाळी हेच प्यायचं, असं तिला बजावलं होतं. पाच वर्षं ती न चुकता प्यायली. आणि फुलाला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पाणी पाजायची वेळ आली तेव्हा तिने आपल्यातलं उत्तम तेच त्याला दिलं. आरओचं पाणी मुळात भुकेलेलं असतं, त्यात काही विरघळलेलं नसतं, म्हणून मिळेल ते ओढून घेतं. त्यात रोज चिंचेने घासून उघडा पडलेला धातू. आठ दिवस, रोज चार लिटर. यापेक्षा चांगला प्रयोग मला मांडता आला नसता.

फुलासोबत दवाखान्याने दिलेल्या पुस्तिकेत ते होतं. मी नंतर पाहिलं. एकोणिसाव्या पानावर, माशांच्या औषधांखाली, 'तांबेयुक्त औषधे वापरू नयेत.' आमच्याकडे मासेच नाहीत, म्हणून मी ते नियमांत घेतलं नव्हतं.

"काय म्हणाले वं लॅबमधी?" तिने वर बघून विचारलं.

"उद्या सांगणार आहेत," मी म्हणालो.

त्या दिवशी मी कोळशाची चाळण लावली, पुन्हा पुन्हा पाणी बदललं. शेवटचा उपाय म्हणून डॉ. शाहीन आल्या आणि त्यांनी फूल चिरलं. दोन वर्षांपूर्वी जे करायचं होतं ते आता, निम्मं मेलेल्या जिवावर. दोन्ही अर्धी दुसऱ्या दिवशी वितळली. समुद्रफूल मरतं तेव्हा मागे प्रेत राहत नाही, राखाडी चिकटा राहतो आणि घरभर सडका वास. मी तो गाळणीने काढला.

"दुसरं?" मी डॉक्टरांना अंगणात विचारलं.

"नोंदवते, काका. पण ज्या समुद्रांत ही जात होती तिथलं पाणी तापलंय, तिथे आता एकही नाही. पैदास होते ती आमच्याच केंद्रात. सहा महिन्यांनी मिळेल. त्यापुढे चौदा महिने ओळखीचे." पुढची बेरीज त्यांनी केली नाही. थेंब बंद झाल्यावर सारिकाला वर्ष मिळेल की नाही, हे मला ठाऊक होतं.

आत आलो तर सारिका रिकाम्या टाकीसमोर बसली होती.

"माझ्या हातनं काय झालं का वं?"

"नाही."

"आठ दिवस मीच बघत हुते. खरं सांगा."

"दिव्यात बिघाड होता. निळा उजेड कमी पडला. मोजायचं यंत्र नव्हतं आपल्याकडे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." मी टाकीच्या रोजच्या नोंदींची वही काढली आणि लॅबच्या तारखेच्या रकान्यात 'तांबं' लिहून त्यासमोर शून्य घातलं. बत्तीस वर्षांत मॅनेजरने दटावलं तरी जो हात वाकडा झाला नाही तो त्या दिवशी झाला आणि मला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटावी अशा गोष्टी आधीच पुष्कळ झाल्या होत्या.

ती आंघोळीला गेली तेव्हा मी कळशी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. रोज सकाळी ती भरलेली कळशी बघणं मला झेपलं नसतं. दुसऱ्या दिवशी पाणी स्टीलच्या पेल्यात दिलं.

"कळशी?"

"गळत होती. डाग द्यायला टाकलीय."

"बरं," ती पुन्हा म्हणाली.

मे संपता संपता तिच्या पावलांना मुंग्या सुरू झाल्या. जूनमध्ये ती भिंतीला धरून चालायला लागली. टाकी मी विकायला काढली नाही, मागच्या पडवीत नेऊन ठेवली आणि तिच्या जागी पुढच्या खोलीत सारिकाची खाट लावली. तिथे उजेड चांगला येतो. मी खुर्ची तिथेच ठेवली. आता मी तिच्याकडे बघत बसायचो. भिंग नव्हतं एवढंच.

"शेवटी बसवलंसा मला सवतीच्या जागी," ती म्हणाली. मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

जुलैच्या मध्यावर, एके सकाळी, ती बराच वेळ वर बघत पडली होती. तिला पाणी देऊ का विचारलं. तिने मान हलवली नाही.

"कळशी माळ्यावर हाय न्हवं?"

माझी नजर माळ्याकडे गेली.

"पोत्याचं टोक दिसतंय हितनं. महिना झाला बघतीया. म्हणलं सांगतील आज, सांगतील उद्या." तिने माझ्याकडे मान वळवली. "आठ दिवस रोज चिंच-मीठ लावून घासली वं मी तिला. म्हणलं, तिच्या पोटात जाणार, घाण नगो."

"सारिका, तुझा दोष नाही. नियमांत मी ते लिहिलंच नव्हतं. आणि डॉक्टर दोन करायला सांगत होत्या तेव्हा..."

"तवा तुमी न्हाई म्हणलासा. म्हायताय मला. दारातच हुते मी, चहाचा ट्रे घिऊन."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? इतका जीव लावून करत हुता. म्हणलं, ह्या माणसाच्या मुठीत हाय तर असू दे माझा जीव." तिचा आवाज चढला नाही. "मला बी बरं वाटायचं त्यात."

तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि मी तिला माफ करावं असं काही तिने केलंच नव्हतं.

"काढा खाली तिला," ती म्हणाली. "भांड्यानं काय केलंय? आता कुणाचं वाईट हुणार हाय तिच्यानं?"

मी माळ्यावरून कळशी काढली. काळी पडली होती. घासली नाही, नुसती धुतली, भरली आणि थोड्या वेळाने पेल्यात पाणी ओतून तिच्या हाती दिलं. तिने पेला दोन्ही हातांनी धरला.

"उजवा हात?" मी विचारलं.

"तीन बोटं. सकाळपास्नं ऐकंनात."

ती पाणी पीत होती तेव्हा मी वही उघडली. एप्रिलमधलं ते शून्य खोडून तिथे खरा आकडा लिहिला. मग पानं उलटून शेवटच्या ओळीखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, उजवा हात, तीन बोटं.